शेवाळ, मी आणि वॉरिंग्टनसाहेबांच्या गोगलगायी

मागच्या महिन्यात ताईने फोनवर विचारलं, "मासे काय म्हणतात रे?" मी विषय बदलला. आज सांगूनच टाकतो. पाचातले तीन मेले, आणि माझ्यामुळे मेले.

झालं असं, की हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत केसाळ हिरवं शेवाळ माजलं. काच पुसावी, तर चार दिवसांत परत. वैतागून शेवाळ मारायचं औषध आणलं आणि बाटलीवर लिहिलं होतं त्याहून जरा जास्तच ओतलं. शेवाळ मेलं खरं. पण ते कुजायला लागलं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपला. सकाळी मासे तरंगत होते.

मग अपराध्यासारखा वाचत सुटलो. ही भानगड पहिल्यांदा निस्तरली कुणी?

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली त्यांनी बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण चोपन्न लिटरच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे जगतील, असा सरळ हिशोब. पण पानं सडू लागली, पाणी गढूळलं, काच हिरवी झाली. अगदी आमच्या हॉलसारखीच! माणूस रसायनांतला, पण त्याने औषध नाही ओतलं. तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकं आणि बुळबुळीत सगळं फस्त केलं, वर त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. १८५० मध्ये हे त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडलं आणि पुढे समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग केले. तिथे गोगलगायी समुद्रातल्या, एवढाच फरक.

काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होताच. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या घराघरांत समुद्र शिरला.

विल्यम लॉइड यांनी आणखी वेगळी युक्ती केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात त्यांनी जमिनीखाली अंधारा हौद ठेवला, टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा, आणि पाणी सतत त्यातून फिरवलं. उजेड नाही तर शेवाळ नाही! आणि मी? बारा बारा तास दिवा, नळाचं पाणी, वर मुलं येता-जाता खाणं टाकणार. उरलेल्या खाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाला आयतं खतच. औषधाने ते थोडंच जाणार होतं?

असो. मग ठरवलं, अलिबागच्या खडकांवरून मूठभर गोगलगायी आणायच्या. पिशवीसुद्धा काढून ठेवली होती. नेमकं तेव्हाच गॉस यांच्या मुलाचं, एडमंडचं, १९०७ चं आत्मचरित्र हाती लागलं. बापाच्या पुस्तकांनी वेडावलेल्या हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली, आणि त्याचं बापाला फार दुःख झालं, असं त्याने लिहिलंय.

पिशवी परत माळ्यावर गेली.

आता दिवा सहा तास, खाणं एकदाच, पाणी आरओचं. दर रविवारी मी दात घासायच्या जुन्या ब्रशने दगड घासतो आणि सौ. म्हणते, एवढं कधी बाथरूम घासलं असतंत तर! मागची काच अजून हिरवीच आहे. पण ताई, दोन मासे खाताहेत.