पाच वडांच्या गावात झाडाचं वय

पंचवटी म्हणजे पाच वड. सीतागुंफेजवळच्या वडांना आजही क्रमांक दिलेले आहेत. मोगलांच्या काळात आमच्या शहराला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. मराठ्यांच्या अमलात ‘नाशिक’ हे नाव परत आलं. राज्यं बदलली, तरी या गावाची ओळख झाडाफुलांवरूनच सांगितली गेली.

मी इथल्या बागप्रेमींच्या एका गटात आहे. आमच्या गप्पा बहुतेक कुंडीपुरत्या असतात. पावसाळा सरला की गुलाबाची छाटणी करा, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाचं तेल फवारा, जूनमध्ये वडाची मनगटाएवढी जाड फांदी रोवली तरी तिला मुळं फुटतात. पण कुंडी सांभाळता सांभाळता एक गोष्ट अंगवळणी पडते: झाडाला वेळ द्यावा लागतो.

२०१५ साली नाशिकला सिंहस्थ भरला. त्याच वर्षी ५ जूनला ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या पुढाकारानं नाशिककरांनी सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर हजारो देशी रोपं लावली. तिथे आता देवराई उभी राहते आहे.

पुढचा सिंहस्थ २०२७चा. त्यासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचं म्हणून शेकडो झाडं तोडण्याचा प्रस्ताव २०२५च्या अखेरीस आला आणि लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले. साधूंना जागा हवी, हे कुणीच नाकारत नव्हतं. वाद होता तो ‘तोडू तेवढी, किंबहुना जास्त लावू’ या हिशेबावर.

राज्याच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरलं. झाड तोडलं, तर त्याच्या वयाएवढी नवी झाडं लावायची, असंही ठरलं. कायद्यानं वय मोजायला घेतलं, हे चांगलंच झालं. तरीही देवराईतलं २०१५चं रोप २०२७ला फक्त बारा वर्षांचं असेल, म्हणजे एका सिंहस्थाएवढं. पन्नाशीच्या झाडाला चार सिंहस्थ पुरत नाहीत. पन्नास रोपं लावली, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तेवढी सावली पडत नाही.

म्हणून एक काम आपल्या हातातलं. झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला मुदत असते. रस्त्यानं जाताना खोडावर कागद दिसला, तर थांबून वाचा. फोटो काढा, झाडाचं वय विचारा आणि मुदतीत लेखी हरकत द्या.