छप्पर शोधणारा प्राध्यापक

गरिबाला घर बांधायचं झालं तर भिंतींची चिंता फारशी नसते. पायाखाली माती असते, हातात बळ असतं, शेजारीपाजारी मदतीला येतात आणि चार भिंती उभ्या राहतात. अडतं ते छपराशी. आपल्याकडच्या माळवदाच्या घरातही भिंत घरची आणि तुळई विकतची, असाच हिशेब असे. इजिप्तमधल्या एका प्राध्यापकांनी हा साधा हिशेब आपल्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय केला. त्यांचं नाव हसन फथी.

फथी यांचा जन्म १९०० साली अलेक्झांड्रियात, एका सुखवस्तू जमीनदार घराण्यात झाला. १९२६ मध्ये कैरोत त्यांनी वास्तुकलेची पदवी घेतली आणि १९३० पासून तिथल्या ललित कला विद्यालयात ते शिकवू लागले. तरुणपणी घरच्या शेतावर गेले तेव्हा तिथल्या कुळांच्या झोपड्या पाहून ते हादरले. ज्यांच्या कष्टावर आपलं घर चालतं, त्यांना नीट घरच नाही, ही टोचणी त्यांच्या मनातून गेली नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. इजिप्तमध्ये इमारती लाकडाची झाडं जवळजवळ नाहीत. लाकूड आणि लोखंड बाहेरून येई, ते थांबलं. फथी यांनी विचार केला, भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या होतात, तर छप्परही त्याच विटांचं का होऊ नये? या विटेला अरबीत ‘तूब’ म्हणतात. हाच शब्द स्पेनमध्ये जाऊन ‘अडोबी’ झाला आणि पुढं अमेरिकेत पोहोचला. तर १९४१ च्या सुमारास त्यांनी अशी कमानदार छपरं बांधून पाहिली आणि ती कोसळली. कमानीखाली लाकडाचा साचा लावला तर ती उभी राहिली असती. पण लाकूड वाचवण्यासाठीच तर हा सारा खटाटोप होता!

वाट दाखवली ती त्यांच्या भावानं. दक्षिणेकडे अस्वानमध्ये न्युबियन गवंडी साच्याशिवाय कमान बांधतात, असं त्यानं सांगितलं. फथी तिकडं गेले. त्या गवंड्यांची रीत अशी: आधी मागच्या भिंतीवर चिखलानं कमानीचा आकार रेखायचा. मग विटांचा पहिला थर त्या भिंतीला तिरका टेकवून लावायचा, दुसरा थर पहिल्यावर रेलून. छपराच्या विटा पातळ, हलक्या, भरपूर भुसा घातलेल्या असतात. ओल्या विटेवर बोटांनी दोन खाचा ओढलेल्या असतात, त्यामुळं ती चिखलाला घट्ट धरते. खाली टेकू नाही, हातात नकाशा नाही. अशा पद्धतीच्या छपरांची कोठारं लक्सरजवळ रामेसियमच्या मंदिरापाशी तीन हजारांहून अधिक वर्षं उभी आहेत. विद्यापीठात कुणी न शिकवलेली ही विद्या प्राध्यापक गवंड्यांच्या हाताखाली शिकले.

ती वापरण्याची मोठी संधी १९४५ मध्ये मिळाली. लक्सरच्या पश्चिमेला गुर्ना नावाचं गाव प्राचीन थडग्यांवरच वसलं होतं आणि थडग्यांतल्या चोऱ्यांमुळं बदनाम होतं. पुराणवस्तू खात्यानं सुमारे ७,००० लोकांची ही वस्ती हलवायचं ठरवलं आणि नव्या गावाचं काम फथी यांच्याकडे सोपवलं. त्यांनी अस्वानचे गवंडी आणले. प्रत्येक कुटुंबाच्या गरजेनुसार घर वेगळं हवं, असा त्यांचा आग्रह होता. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह उभं राहिलं. मात्र १९४८ पर्यंत गावाचा थोडाच भाग झाला आणि काम थांबलं.

कारण बहुतेक गावकरी यायलाच तयार नव्हते. सरकारी दिरंगाईला फथी यांनी पुढं आपल्या पुस्तकात दोष दिला, आणि तो खोटा नव्हता. पण गावकऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांची भाकरी त्या थडग्यांपाशी होती. पुरातन वस्तू, पर्यटक, उत्खननातली मजुरी, सगळं तिथंच. शिवाय घराच्या डोक्यावर घुमट! घुमट असतो तो पिराच्या कबरीवर, तिथं बायकामुलांनी राहायचं कसं? हा सवाल आपल्याकडच्या दर्ग्याच्या गावातल्या कुणालाही लगेच कळेल.

फथी खचले नाहीत. १९६४ मध्ये कैरोच्या इमारत संशोधन केंद्राच्या आवारात वेगवेगळ्या साहित्याच्या सहा लहान इमारती बांधून त्यांचं तापमान मोजलं गेलं. मार्च महिन्यात मातीच्या विटांच्या खोलीत दिवसरात्र तापमान २१ ते २३ अंशांच्या दरम्यान राहिलं. तयार काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांवर गेलं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही नऊ अंश जास्त. गरिबाच्या घराला ‘मागासलेलं’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर आकड्यांत होतं. गुर्नाची कहाणी सांगणारं त्यांचं पुस्तक १९६९ मध्ये कैरोत निघालं आणि १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठानं प्रसिद्ध केल्यावर जगभर वाचलं गेलं. १९८० मध्ये त्यांना मोठे आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाले. १९८९ मध्ये कैरोत त्यांचं निधन झालं.

त्यानंतरची गोष्ट कडवट आहे. २००६ च्या अखेरीस सरकारनं जुन्या गुर्नातली घरं पाडायला सुरुवात केली आणि लोकांना दुसऱ्याच वसाहतीत हलवलं. फथी यांच्या नव्या गुर्नातल्या अनेक घरांच्या जागी तोवर काँक्रीटचे मजले चढले होते. त्यात रहिवाशांचं काय चुकलं? मुलाचं लग्न ठरलं की वरती एक खोली चढवायची असते, आणि घुमटावर खोली चढत नाही. संशोधकानं खर्च मोजला, ऊन मोजलं, सावली मोजली. घर वाढत जातं, हे मात्र त्या छपरात बसलं नाही.

तरीही ती विद्या वाया गेली नाही. २००० पासून बुर्किना फासो आणि आसपासच्या देशांत एक संस्था हीच न्युबियन कमान गावोगावच्या शेतकरी-गवंड्यांना शिकवते आहे. तिकडंही लाकूड नाही आणि पत्रा विकतचा. पण तिथं एक बदल केला गेला. कमानीच्या वरची जागा मातीनं भरून छपराचा वरचा भाग सपाट केला जातो. त्यावर धान्य वाळवता येतं, उन्हाळ्यात रात्री झोपता येतं, पुढं मजलाही चढवता येतो. गुर्नाच्या माणसांनी जे मागितलं असतं, ते या गच्चीत आहे.