मुक्काम पोस्ट थिबा

रत्नागिरीला पोचणं हा एके काळी प्रवास नव्हता, पराक्रम होता. म्हणूनच इंग्रजांना ते गाव मनापासून आवडलं असणार. ज्या गावी जाणं अवघड, तिथून पळणंही अवघड, हा साधा हिशेब. तुरुंगाच्या भिंती बांधायला नकोत. पूर्वेला सह्याद्री फुकट, पश्चिमेला समुद्र फुकट, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे कुलूपसुद्धा फुकटच!

हा हिशेब मला ग्रंथालयात नाही, आंबा घाटात कळला. १९८६ साली मी कोल्हापुरात इतिहासाचा विद्यार्थी होतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं त्याला त्या एप्रिलात शंभर वर्षं झाली होती. आमच्या सरांचं मत असं, की शंभर वर्षं उलटल्याशिवाय कुठलीही गोष्ट इतिहास होत नाही. तोवर ती नुसती भानगड असते. थिबाची भानगड वयात आली, तेव्हा सरांनी मला चार दिवसांसाठी रत्नागिरीला पिटाळलं.

अंतर सुमारे १३० किलोमीटर. कागदावर. मलकापूर मागे पडलं, गाडी घाटाला लागली आणि शेजारच्या आजींनी पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. "हुंगत राहा, बाळा. खाली बघू नको." मी खाली बघितलं नाही, पण त्यामुळे घाट पोटात शिरायचा काही थांबला नाही. साखरप्याला चहाचा पहिला घोट घेताना मनात आलं, हाच घाट चढून परत जायचं असेल, तर आपणही या गावात तीस वर्षं निमूटपणे राहू.

थिबा राहिला तो तीसच वर्षं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला राण्यांसकट, लहानग्या मुलींसकट बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग रत्नागिरी. वय वर्षं सत्तावीस. त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादुरशहाला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं. इकडचा बादशहा तिकडे, तिकडचा राजा इकडे. भाडेकरूंची अदलाबदल करता करता दोन्ही जागा आपल्याच ताब्यात ठेवणारे घरमालक आपण पाहिलेत. त्यांचे हे मूळपुरुष.

रत्नागिरीत उतरल्यावर दुसरा प्रश्न येतो तो गावात हिंडण्याचा. कोल्हापूरच्या माणसाला पत्ता म्हणजे डावीकडे, उजवीकडे. इथे पत्ता 'वर' आणि 'खाली' असा असतो. "हे असे खाली उतरा, मग थोडं वर चढा, की परत खाली." मांडवीची वाळू काळी म्हणून तिथे काळा समुद्र, पलीकडे वाळू पांढरी म्हणून पांढरा समुद्र, पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच खारट. आणि पत्ता सांगण्याआधी तुमची उलटतपासणी होते ती वेगळीच.

"कुठचे तुम्ही?"

"कोल्हापूरचा."

"हां. आणि कुणाकडे आलात?"

"थिबा राजाकडे."

"मग हे असे वर जा. पण राजे आता भेटत नाहीत हो."

मांडवीच्या जेटीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला आगबोटीचं प्रकरण समजावून दिलं. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात उतरायचे. "आधी सामान, मग बायकापोरं, मग पुरुष. जावई असला तर त्याला धरायला दोन माणसं." राजाला कुणी धरलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

वर जाऊन राजवाडा पाहिला. तीन मजली, ऐसपैस, खाली भाट्याची खाडी आणि पुढे समुद्र. पण तो पुरा झाला १९१० साली. तोवर राजा साध्या बंगल्यात, पहाऱ्यात. सरकारी क्वार्टर मिळायला त्याला चोवीस वर्षं लागली, हे वाचून नोकरदार वाचकांचे डोळे नक्की पाणावतील. त्यात तो राहिला जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच वारला.

याच गावात खाली टिळक आळी आहे. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६चा. त्यांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि इंग्रजांनी नेऊन कुठे ठेवलं? मंडालेला! सहा वर्षं रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद. दोघांना आपापल्या घरी ठेवलं असतं तर सरकारचा बोटीचा खर्च तरी वाचला असता. पण माणसाला त्याच्या माणसांपासून तोडणं हीच शिक्षा होती. गाव कुठलंही चाललं असतं. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. हिशेब तोच.

१९१९ मध्ये राणी सुपयालत आणि मुलींना परत जाऊ दिलं. राजाची समाधी मात्र इथेच राहिली. थोरली राजकन्या ब्रह्मदेशी गेली आणि पुन्हा रत्नागिरीला आली. तिचं मन राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरात गुंतलं होतं. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, मराठी बोलली, गरिबीत संसार केला आणि २००० साली इथेच वारली. सरांचा शंभर वर्षांचा नियम इथे लंगडा पडतो. ज्या राजाला 'इतिहास' म्हणून मी शोधत होतो, त्याची सख्खी नात त्या वर्षी त्याच गावात चूल पेटवत होती. भानगड आणि इतिहास यांच्यामध्ये माणसांचं सगळं आयुष्य जातं, ते कुठल्या प्रकरणात घालायचं हे सरांनी सांगितलं नव्हतं.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. सह्याद्रीच्या फांद्या पोखरून रूळ आले. मुंबईहून येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ओलांडला, की रत्नागिरी आलीच. इंग्रजांची फुकटातली भिंत अशी पडली. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीला येऊन गेले. तीस वर्षं वाट पाहिली त्याला, आणि तिकडचं माणूस आलं शहाण्णव वर्षांनी.

राजवाड्यात आता संग्रहालय आहे. जगाने विसरावा म्हणून ज्याला इथे आणलं, तो गावाचा पत्ता होऊन बसला आहे. स्टेशन गावापासून लांब, तेव्हा रिक्षा करावीच लागते. मागे गेलो तेव्हा रिक्षात बसून नुसतं "थिबा" म्हणालो. रिक्षावाल्याने मीटरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पॅलेस की पॉइंट?"

"राजा जिथे आहे तिथे."

"मग समाधीला म्हणा की," तो म्हणाला, आणि गाडी खाली वळवली.