साथ आली आणि मुंबई मुलुखाला गेली

2020 साली मुंबईहून माणसं गावाकडे निघाली, तेव्हा कितीतरी जण म्हणाले, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. झालं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी, याच मुंबईत.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. 1891च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. 1897चा फेब्रुवारी येईपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. शेठ मंडळी गेली, तशी गिरण्यांतली रत्नागिरी-साताऱ्याची माणसंही गेली.

साहेबलोक म्हणत, अडाणी माणसं घाबरून पळाली. भीती होतीच; का नसावी? पण नुसत्या भीतीने एवढं शहर रिकामं होत नाही. गिरणीतला गडी चाळीतल्या खोलीत चारचौघांबरोबर राहायचा, जेवायचा खाणावळीत. आई-बायको बहुधा गावी. ताप चढला तर उशाशी बसणार कोण, पेज कोण करून घालणार? सोबत्यांना तर पहाटे गिरणी गाठायची. काम बंद की मजुरी बंद, आणि आधी केलेल्या कामाचा पगारसुद्धा मालकाकडे अडकलेला, कारण एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात उशिरा हातात पडायचा. गावी निदान भाताचा तुकडा होता, स्वतःचं छप्पर होतं, आणि मेलं तर खांदा द्यायला भाऊबंद होते.

शहरात दुखणाइताला घरातून उचलून इस्पितळात नेत. गेलेला माणूस परत येत नाही, असं लोक म्हणत. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. पुढे रेल्वे स्टेशनांवर तपासणी सुरू झाली. परका पुरुष बायकांच्या काखा-जांघा चाचपून गाठी शोधणार, तेही चारचौघांत! याला झालेल्या विरोधाला अडाणीपणा म्हणायला मी तरी तयार नाही.

गिरण्या ओस पडल्या, तेव्हा मालक रोजच्या रोज मजुरी देऊ लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढीने बोली लागली. जी गोष्ट एरवी मागूनही मिळत नव्हती, ती साथीत मिळाली. तरीही माणसं जातच राहिली.

आणि गावी त्यांचं केलं कुणी? बायकांनी. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. गावोगावच्या ज्या बायकांनी मुंबईहून आलेल्या नवऱ्याची, दिराची उस्तवार केली, त्यांची नावं कुठल्या सरकारी अहवालात शोधायची? किती गिरण्या बंद पडल्या, याचे आकडे मात्र मिळतात.

प्लेगच्या वर्षी गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी माझ्या आजीच्या पिढीपर्यंत सांगितल्या जात. तुमच्याही घरात कुणी सांगत असेल, तर लिहून ठेवा आणि आम्हाला रेडिओवर येऊन सांगा.