चारांचा नियम आणि उंदरांचे पान

आपल्या घरच्या पत्त्यांच्या कॅटात बावन्न पाने असतात, आणि त्यांतले कोणते पान किती वेळा यावे हा प्रश्न खेळणाऱ्याला पडत नाही. ऑगस्ट १९९३मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने बाजारात आणलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने तो प्रश्न खेळणाऱ्याच्याच हाती दिला. पाने बंद पाकिटांतून विकत घ्यायची, इतरांशी त्यांची अदलाबदल करायची आणि त्यांतून स्वतःचा डेक रचायचा. मूळ नियमपुस्तिकेनुसार डेक किमान ४० पानांचा हवा. एकाच पानाच्या प्रती किती, यावर बंधन नव्हते.

हा मोकळेपणा एका गृहीतकावर उभा होता. खेळाचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणिती. खेळणारे माफक खर्च करतील, दुर्मीळ पान एखाद्यापाशी एखादेच असेल आणि दुर्मीळपणाच बंधनाचे काम करील, असा त्याचा कयास. लेखकाने कल्पिलेला वाचक आणि प्रत्यक्षातला वाचक यांतले अंतर साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. येथे ते काही महिन्यांत उघडे पडले. लोक पाकिटे खोक्यांनी घेऊ लागले.

परिणाम एका हिशेबाने पाहू. प्रत्येक खेळाडूपाशी आरंभी २० प्राण असतात. ‘माउंटन’ या भूमीतून लाल शक्तीचे एक एकक मिळते, ‘ब्लॅक लोटस’मधून हिरव्या शक्तीची तीन. त्यांतली दोन ‘चॅनेल’वर खर्चली की स्वतःचे प्राण एकास एक या दराने शक्तीत बदलता येतात. १९ प्राण द्यावे, उरलेले हिरवे एकक त्यांत मिळवावे आणि लाल एककाच्या बळावर ‘फायरबॉल’ टाकावा. प्रतिपक्षाचे वीसही प्राण पहिल्याच खेपेस गेले. ४० पानांच्या डेकात याच चार पानांच्या दहा-दहा प्रती घालण्यास नियमाची आडकाठी नव्हती. असल्या डावात समोरचा माणूस केवळ पाने पिसायला येतो.

१९९४च्या प्रारंभी स्पर्धांसाठी नियम आले : डेक किमान ६० पानांचा, मूलभूत भूमी वगळता कोणत्याही पानाच्या चारांहून अधिक प्रती नकोत, ‘ब्लॅक लोटस’सारख्यांची एकच, काहींना पूर्ण बंदी. या नियमाचे कौतुक समतोलासाठी होते, ते योग्यच. पण आम्हांला त्याची दुसरी बाजूही दिसते. पाचवी प्रत निरुपयोगी झाली, तशी चौथी अपरिहार्य झाली; दोन प्रतींवर समाधानी असणारा आता आणखी दोन शोधू लागला. मर्यादा हीच अपेक्षा बनली, आणि पाने विकणाऱ्याचे त्यात काही बिघडले नाही.

या नियमाने एक पान मात्र अनाथ केले. १९९३च्या पहिल्या संचात ‘प्लेग रॅट्स’ हे अगदी सामान्य पान होते : मैदानात या नावाची जितकी पाने, तितके प्रत्येकाचे बळ. दोन उंदीर दोन-दोन बळाचे, दहा असले तर दहा-दहा. हे पान लिहिले गेले ते अमर्याद डेकासाठी. चारांचा नियम आल्यावर त्यातला शब्दही बदलला नाही, तरी अर्थ गेला. चार उंदरांची साथ कसली? संदर्भ हरवलेली संहिता कशी दिसते हे विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल, तर आम्ही हे पान दाखवू. २००४मध्ये ‘रिलेंटलेस रॅट्स’ हे नवे पान आले आणि त्यावर छापले होते की या नावाची पाने डेकात कितीही चालतील. अकरा वर्षांनी उंदरांना त्यांची संख्या परत मिळाली, तीही नियम बदलून नव्हे, तर पानावरच अपवाद लिहून.

उलट दिशेने गेले ते स्वतः खेळाडू. अलास्कात जन्मलेला आणि शेल्डन मेनरी यांनी पुढे प्रसृत केलेला ‘कमांडर’ हा प्रकार १०० पानांचा, आणि मूलभूत भूमी सोडून प्रत्येक पानाची प्रत एकच. तो कंपनीने रचलेला नव्हता. तिने त्यासाठी तयार डेक २०११मध्ये काढले. सप्टेंबर २०२४मध्ये काही महागड्या पानांवर बंदी घातल्यावर नियमसमितीच्या सदस्यांना धमक्या आल्या आणि समितीने कारभार कंपनीकडे सोपवला. पाने छापणारा आणि कोणती चालतील हे ठरवणारा, दोघे येथेही एक झाले. याची आम्हांला खंत वाटते.

‘कमांडर’मध्येही उंदरांची मुभा टिकली आहे, आणि तिला नवे वारस मिळाले आहेत. २०१९च्या ‘सेव्हन ड्वार्व्ह्ज’ या पानाच्या प्रती सातपर्यंत चालतात. संख्या लोककथेतल्या बुटक्यांची. २०२३मध्ये टॉल्किनच्या कथाविश्वावरील संचात ‘नाझगूल’ आले. अंगठ्यांचे ते स्वार नऊ, म्हणून प्रतीही नऊपर्यंत. कमी घेतले तरी चालते. दहावा मात्र चालत नाही.