सोनेरी जंतू आणि पेनिसिलिन

रोगजंतूंवर मानवाने मिळविलेल्या विजयांत पेनिसिलिनचा विजय सर्वांत मोठा मानला जातो. त्याची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु त्यानंतर अवघ्या काही वर्षांत पराभूत जंतूने जे उत्तर दिले, त्याची हकीकत तितकीशी परिचित नाही. आणि बोध घेण्याजोगे अधिक तिच्यातच आहे.

ह्या जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना गोल कणांचे घोस दिसले. द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८८२ मध्ये जंतूला हे नाव दिले. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याची सोनेरी जात वेगळी ओळखली; तीच ‘ऑरियस’. हा जंतू काही दूरदेशीचा शत्रू नव्हे. तीन माणसांपैकी सुमारे एकाच्या नाकात तो निमूटपणे नांदत असतो. कातडीला जखम झाली, शस्त्रक्रियेचा घाव पडला, की त्याला वाट मिळते. तो रक्तात शिरल्यास काय होई, ते १९४१ मध्ये बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमधून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतावरून दिसते: १२२ रुग्णांपैकी ८२ टक्के दगावले होते.

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जी बुरशी पाहिली, तिने मारलेले जंतूही स्टॅफिलोकॉकसच होते. फ्लोरी, चेन आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी त्या बुरशीतून औषध सिद्ध केले. परंतु हे औषध पहिल्या रुग्णांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, १९४० च्या डिसेंबरात, अब्राहम आणि चेन यांनी एक सूचक गोष्ट प्रसिद्ध केली होती. काही जंतूंमध्ये पेनिसिलिनचा नाश करणारे विकर असते, असे त्यांना आढळले. त्यांनी तपासलेला जंतू निराळा होता. पण १९४४ मध्ये अमेरिकेत कर्बी यांना पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्येही असाच नाशक पदार्थ सापडला.

पेनिसिलिन जंतूला आपली भिंत बांधू देत नाही, आणि भिंतीवाचून वाढणारा जंतू फुटून मरतो. औषधाच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते. सारे सामर्थ्य त्या कड्यात. जंतूचे विकर नेमके ते कडेच तोडते.

महायुद्ध संपले आणि पेनिसिलिन मुबलक झाले. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल व्याख्यान देताना फ्लेमिंग यांनी इशारा दिला, की अपुऱ्या मात्रेत घेतलेले औषध जंतूंना मारण्याऐवजी त्यांना प्रतिकार शिकवील. इशारा मोलाचा होता; परंतु रुग्णालयांत जे घडत होते, त्याचे स्वरूप थोडे निराळे होते. ते उलगडले लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयातील जंतुशास्त्रज्ञ मेरी बार्बर यांनी. त्यांच्या रुग्णालयात १९४६ मध्ये स्टॅफिलोकॉकसची लागण झालेल्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांचे जंतू पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये हे प्रमाण ३८ टक्के झाले आणि १९४८ मध्ये ५९ टक्के.

मग हे जंतू उपचार चालू असताना रुग्णाच्या शरीरात प्रतिकार शिकले काय? बार्बर यांचे उत्तर नकारार्थी होते. प्रयोगशाळेत थोडेथोडे पेनिसिलिन देऊन मुद्दाम तयार केलेले प्रतिकारक जंतू ते विकर निर्माण करीत नसत; रुग्णालयातील जंतू मात्र करीत. म्हणजे विकर बाळगणारे जंतू मुळातच तेथे होते. औषधाने त्यांच्या दुबळ्या भाऊबंदांना नाहीसे केले आणि रान मोकळे झाले. चाळणी दाणे घडवीत नाही. ती केवळ निवडते. निवडलेले जंतू मग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे, हातांवरून आणि हवेतून पसरत गेले.

१९५० नंतर ऑस्ट्रेलियातील प्रसूतिगृहांत अशाच एका प्रतिकारक प्रकाराने नवजात बालकांना पछाडले. सिडनीच्या फिलिस राउंट्री यांनी त्याचा माग काढला. ‘८०/८१’ ह्या क्रमांकाने ओळखला जाणारा हा प्रकार ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतही थैमान घालू लागला.

१९६० मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिन आले. त्याचे कडे त्या विकराला तोडता येत नसे, म्हणून प्रश्न सुटला असे वाटले. परंतु १९६१ च्या जानेवारीतच लंडनच्या कॉलिंडेल प्रयोगशाळेतील पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांहून अधिक नमुने तपासून, त्यांत मेथिसिलिनलाही न जुमानणारे तीन आढळल्याचे कळविले. ह्या जंतूंनी औषध तोडण्याचा नाद सोडला होता. भिंत बांधणारा गवंडीच त्यांनी बदलला होता, आणि नव्या गवंड्याला औषध रोखू शकत नव्हते. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून दिसले, की हे सामर्थ्य जंतूंनी १९४० नंतरच्या दशकातच, मेथिसिलिनचा जन्म होण्यापूर्वी, मिळविले होते. पेनिसिलिनच्या भरमसाट वापराने दुसऱ्याच औषधाचा पराभव आधी लिहून ठेवला होता.

तरीही हा इतिहास केवळ पराभवाचा नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमरस्मिथमध्ये प्रतिजैविकांच्या वापरावर कडक निर्बंध घातले, औषधे जोडीने देण्याची पद्धत अवलंबिली आणि संसर्ग पसरू नये म्हणून दक्षता बाळगली. प्रतिकारक जंतूंचे प्रमाण खाली आले. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांचे महत्त्व हे, की चढलेली लाट ओसरविता येते, आणि त्यासाठी नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.

भारताचाही ह्या इतिहासाशी संबंध आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. दुर्मिळ औषध सामान्यांच्या आवाक्यात आणणे, ही त्या काळाची निकड होती. त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, १ मार्च २०१४ पासून, अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक करावे लागले. औषध पुरविण्याइतकेच ते जपणेही राज्याचे कर्तव्य ठरले.

एकट्या २०१९ मध्ये मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या ह्या सोनेरी जंतूच्या प्रतिकारशक्तीपायी जगात एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा संशोधकांचा अंदाज आहे. प्रतिजैविकाची प्रत्येक अनावश्यक मात्रा ही चाळणीचा आणखी एक हेलकावा असते. गरज असेल तेथे ती पूर्ण द्यावी, गरज नसेल तेथे मुळीच देऊ नये, आणि रुग्णाला स्पर्श करणारे हात स्वच्छ असावेत: हॅमरस्मिथने शिकविलेला हा धडा साधा आहे, आणि तो अजून जुना झालेला नाही.