‘प्रतिदिन’ : शरद जोशी यांचे दैनिक सदर

हिंदीतील ख्यातनाम उपहासलेखक शरद जोशी यांचा जन्म 21 मे 1931 रोजी उज्जैन येथे झाला. इंदूरच्या ‘नई दुनिया’त त्यांनी ‘परिक्रमा’ हे सदर लिहिले. परंतु आजच्या समाजमाध्यमांवरील टिपणाशी जवळचे नाते आहे ते ‘नवभारत टाइम्स’मधील ‘प्रतिदिन’चे. चालू घडामोडीतील एखादी विसंगती हेरायची, मोजक्या परिच्छेदांत ती उलगडायची आणि थांबायचे, ही त्याची रीत. ट्विटरने पुढे 140 अक्षरांची मर्यादा घातली; जोशींना बंधन होते ते स्तंभाच्या जागेचे आणि रोजच्या मुदतीचे. अर्थात हा मजकूर संपादकाच्या नजरेखालून जाई व वाचकांचे उत्तर टपालाने येई, हा भेद लहान नव्हे. 5 सप्टेंबर 1991 रोजी जोशी निवर्तले. ‘प्रतिदिन’मधील लेख ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत.